पावसाळ्यात रेवस ते रेडी: सागरी मार्ग आणि त्यावरच्या चार फेरीबोटी

समुद्र उजव्या हाताला ठेवून अलिबागपासून गोव्याच्या वेशीपर्यंत गाडीने जायचं, तेही भर पावसात, हा बेत करण्यासारखा आहे का? आहे. मात्र महामार्गासारखे किलोमीटर मोजून तो आखला तर फसतो. रेवस-रेडी सागरी मार्ग कागदावर सुमारे पाचशे किलोमीटरचा आहे. प्रत्यक्षात खाड्यांनी त्याचे तुकडे केले आहेत, आणि पावसाळ्यात त्या तुकड्यांचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. तिथी बघून निघालं तर हा मार्ग भरभरून देतो. ॲपवरचे तास बघून निघालं तर संध्याकाळी साडेसहाला एखाद्या धक्क्यावर, शेवाळलेल्या उतारापाशी थांबायची वेळ येते.

आधी फेरीबोटींबद्दल, कारण या प्रवासाचा कणा त्याच आहेत. उत्तरेकडून येताना राजपुरी खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या बाणकोट खाडीवर बागमांडला-वेशवी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ-धोपावे आणि शास्त्री नदीच्या खाडीवर तवसाळ-जयगड अशा चार जागी गाडी बोटीवर चढवता येते. यांतली दाभोळ-धोपावे ही सगळ्यांत जुनी. सुवर्णदुर्ग शिपिंगने ती २००३ साली सुरू केली आणि बाकीच्या तिन्ही फेऱ्याही त्यांच्याच. दाभोळहून गुहागरला जमिनीवरून जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो. बोटीतला वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. शिवाय पावसाळ्यात चिपळूणवर विसंबता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते शहर पाण्याखाली गेलं आणि सगळी वाहतूक ठप्प झाली. इथे फेरीबोट म्हणजे मौज नव्हे, तो खरा रस्ता आहे. किनाऱ्यावरचे शिक्षक, दूधवाले, मासळीचे टेम्पो रोज तिच्यावरूनच येतात-जातात, आणि म्हणूनच ती पर्यटनाचा हंगाम नसतानाही चालू राहते.

सेवा म्हणून बघितलं तर गाड्या लावण्यात बोटीवरच्या माणसांचा हात धरणारं कोणी नाही. हाताच्या खुणांवर ते दोन गाड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून गाड्या लावून घेतात, आणि चालकाने त्यांच्या खुणेपलीकडे स्वतःची अक्कल चालवू नये हेच बरं. कारला काही शे रुपये, दुचाकीला त्याहून बरेच कमी, माणसांचं तिकीट वेगळं. दर तिकीट खिडकीवर लिहिलेले असतात. ऑनलाइन पैसे नेटवर्क असेल तरच जातात, म्हणून शंभर-पन्नासच्या नोटा वरच्या खिशात ठेवा. उणीव आहे ती धक्क्यांवर. पावसात उभं राहायला पुरेसं छप्पर नाही, बायकांसाठी धड स्वच्छतागृह मिळेलच असं नाही, आणि अंधार पडल्यावर उतारावरचा उजेड कमी पडतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर अलीकडच्या गावातच हे सगळं उरकून धक्क्यावर या.

आता चढण्या-उतरण्याबद्दल, कारण अडचणी इथेच येतात. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरतीला त्याचा वरचा, कोरडा भाग वापरात असतो. ओहोटीला बोट खाली लागते आणि रोज पाण्याखाली राहणारा, शेवाळ आणि चिखल धरलेला भाग उघडा पडतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना वर चढताना त्रास होतो, कारण चढावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, एकसारखा हलका रेस, आणि पुढची गाडी उतार पूर्ण चढून जाईपर्यंत आपण बोटीवरून हलायचं नाही. बहुतेक गाड्या अडकतात त्या पुढच्या गाडीमुळे मध्येच ब्रेक मारावा लागल्याने. बोटीची फळी आणि उतार जिथे मिळतात तिथे कोन तयार होतो आणि सेदान गाड्यांचा पुढचा बंपर घासतो. बोटीवरचा माणूस तिरकं घ्यायला सांगत असेल तर ते यासाठीच. गाडी पुढून चढवायची की रिव्हर्समध्ये, हेही तोच सांगतो, त्यामुळे रिव्हर्स घालण्याचा सराव असू द्या. दुचाकीवर मागे बसलेल्याने उतारावर उतरून चालत जावं आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नये. बोटीवर गाडी लागली की हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद.

आणि आता ती तिथी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराला भरती आणि साडेपाच-सहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा फरक थोडा.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की नकाशात न दिसणारं एक सत्य कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उतार सगळ्यांत वाईट असतो तो संध्याकाळी पाच ते सातमध्ये, नेमका मुक्काम गाठायची घाई असताना. तेव्हा अशा दिवसांत शेवटची खाडी दुपारी चारच्या आत ओलांडावी. याच दिवसांत भर दुपारी भरती पूर्ण असते, आणि वरून मुसळधार पाऊस असेल तर ओढ्या-व्हाळांचं पाणी खाडीत उतरू शकत नाही, मागे तुंबतं. खाडीकाठचे सखल रस्ते आणि मोऱ्या त्या दोन-तीन तासांत पाण्याखाली जातात आणि ओहोटी लागली की आपोआप मोकळ्या होतात. तिथे धाडस करण्याऐवजी चहा घेत थांबणं हाच उपाय. पाऊस सकाळपासून कोसळत असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस सगळ्यांत सोयीचे: पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. बंदरात तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला असेल तर फेरी थांबू शकते. अशा दिवशी धक्क्यावर पोचून विचारण्याऐवजी मुक्कामाच्या यजमानाला सकाळी विचारा, त्यांना खबर असते.

बोट बंद असली तर पर्यायी वाट आधीच ठरलेली हवी. बागमांडल्याला आंबेत-म्हाप्रळ पूल, तवसाळला राई-भातगाव पूल, दाभोळला खेड-चिपळूण, दिघीला म्हसळा-तळा-रोहा. प्रत्येक वळशाला पावसात दोन ते चार तास धरा. राज्य रस्ते विकास महामंडळाने या खाड्यांवर पूल बांधायला घेतले आहेत. कामाच्या जागांजवळ डंपरची ये-जा असते आणि डांबरावर लाल चिखलाचा थर येतो. तो ओला असताना ब्रेक लागत नाहीत.

रस्ता सगळीकडे सारख्या मोलाचा नाही. अलिबाग ते मुरूड हा तुकडा देखणा आहे, पण शनिवार-रविवारी काशीदजवळ गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत पाऊस बघण्यात काही अर्थ नाही. याच रस्त्यावर काशीदजवळचा जुना पूल जुलै २०२१ च्या पावसात कोसळला होता. हवामान खात्याचा लाल इशारा असेल तेव्हा हा भाग सोडून सरळ महामार्गाने खाली उतरणं शहाणपणाचं. दिघी ओलांडल्यावर दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावीचा रस्ता मात्र चुकवू नका. डोंगराच्या कुशीतून जातो, खाली लाटा फुटताना दिसतात, थांबायला जागा आहेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते. उधाणाच्या दिवसांत आणि भरतीच्या वेळी तिथे उतरूच नये, या खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत. देवळात दर्शन घेऊन पुढे निघावं.

वेशवीहून दापोलीकडचा भाग चालकाला थकवतो. रस्ता एका गाडीपुरता, वळणं आंधळी, आणि समुद्राच्या मोहात केळशीकडे उतरलं तर भारजा नदी ओलांडायला बरंच आत यावं लागतं. वळणावर हॉर्न द्या, समोरून एसटी आली तर चढणाऱ्या गाडीला वाट द्या, आणि साइडपट्टीवर चाक घालण्याआधी ती शाबूत आहे का बघा. पावसात मुरूम वाहून जातो आणि वर गवत तसंच राहतं, त्यामुळे खालची पोकळी दिसत नाही. गाड्या कलंडतात त्या इथे. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि तिथून दिसणारी जोगेची खाडी यांसाठी दिवस राखला तरी हरकत नाही. हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्ग समोर दिसतो, पण बोटी बंद असतात. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत या किनाऱ्यावरचे चार आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. पावसाळ्यात गाडीने जाऊन पायी आत शिरता येतं ते एकट्या विजयदुर्गात. बाकीच्या तिघांसारखाच मुरूडचा जंजिराही बोटीशिवाय गाठता येत नाही. पर्यटकांच्या होड्या आणि पाण्यावरचे खेळ मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, आणि कोणी चोरून नेतो म्हणाला तर जाऊ नये.

सगळ्या मार्गातला सर्वोत्तम तुकडा म्हणजे दाभोळ ते रत्नागिरी. तीनच दिवस हाताशी असतील तर बाकी सगळं सोडून एवढाच करा. धोपाव्याला उतरून गुहागर, तिथून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण करत तवसाळ. हा रस्ता सारखा सड्यावर चढतो आणि खाडीत उतरतो. वर जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर हातभर गवत, ढग जमिनीला टेकलेले. खाली नारळ-सुपारीच्या बागा, लाल चिरेबंदी गडगे, शेवाळलेली कौलं. सड्यावर धुकं आलं की दहा-पंधरा मीटरपलीकडे दिसत नाही. तेव्हा हेडलाइट डिपरवर ठेवा, धोक्याचे दिवे चालत्या गाडीत लावू नका, कारण मागच्याला तुमचं वळणाचं सिग्नल कळत नाही. हेदवीची बामणघळ ही खडकातली अरुंद चीर आहे. भरतीच्या लाटा तीत कोंडतात आणि पाणी उंच उसळतं. पावसाळ्यात ती बघायची ती लांबून, ओल्या खडकावर पाय न ठेवता. पाऊणपटीच्या हिशोबाने भरतीच्या अर्धा तास आधी पोचलात तर उसळणं पुरतं दिसतं.

तवसाळहून जयगडला उतरल्यावर निवळीकडे जाणारा मोठा रस्ता बंदराच्या अवजड वाहनांचा आहे. खड्डे खोल, आणि ट्रकने उडवलेल्या गढूळ पाण्याने काच एका क्षणात आंधळी होते. त्याऐवजी उंडी-वरवडे-मालगुंड अशा किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला या. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं स्मारक पावसाच्या सरीत तासभर थांबण्यासारखं आहे. पुळ्याचा समुद्र पावसाळ्यात जीवघेणा असतो, गुडघाभर पाण्यातही उतरू नये. पुढे आरे-वारेचा घाट. वरच्या वळणावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात, आणि नैर्ऋत्येकडून येणारी सर समुद्रावरून चालत येताना पाच-सात मिनिटं आधीच कळते. तिथे वळणावर गाडी उभी करू नका, थोडं पुढे रुंद जागा आहे.

रत्नागिरीच्या खाली भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी असा रस्ता आहे. कशेळी परिसरात कातळावर कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पावसाळ्यात खोदरेषांत पाणी साचतं आणि आकार उठून दिसतात, पण त्यांवरून चालू नका आणि कातळावर गाडी नेऊ नका. जैतापूरला खाडीवर पूल आहे. त्याच्या पुढे विजयदुर्गाच्या खाडीवर मुखाशी पूल नाही, आत वाघोटणकडे वळावं लागतं आणि पडेल कॅन्टीनच्या नाक्यावरून किल्ल्याकडे फाटा फुटतो. तिथून देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. हा भाग मोकळा आणि तुलनेने सोपा. मालवणहून परुळे, म्हापण, वेंगुर्ला, शिरोडा करत रेडीला मार्ग संपतो. शिरोड्याच्या ज्या मिठागरांत १९३० चा सत्याग्रह झाला ती या दिवसांत पाण्याखाली असतात.

एकूण वेग ताशी पंचवीस ते तीस किलोमीटर धरा, त्याहून जास्त धरला तर हिशोब चुकतो. दिवसाला जास्तीत जास्त शंभर किलोमीटर आणि एक खाडी, फार तर दोन. थांबे धरून सात दिवस लागतात: श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे मुक्काम सोयीचे. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. पावसाळ्यात गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात, कारण आजूबाजूचं सगळं ओलं असतं, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसत नाही.

गाडीत काय हवं ते थोडक्यात. टायरच्या खाचा कायद्याने किमान १.६ मिलीमीटर लागतात, पण पावसात तीनच्या खाली गेलेला टायर पाण्यावर तरंगतो, तो बदलूनच निघा. वायपरचे रबर नवे, काच धुवायच्या टाकीत पाणी भरलेलं (चिखल पुसायला पाऊस पुरत नाही), स्टेपनीत हवा, ओढायचा दोर, टॉर्च, आणि एक छोटा कोयता, कारण आडवी फांदी पडली तर मागे फिरण्यापेक्षा ती तोडणं लवकर होतं. विजेच्या तारेत अडकलेल्या फांदीला मात्र हात लावू नका. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू करून हवा काचेकडे वळवा, कपड्याने पुसल्याने पुन्हा धरते. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, मग ते घोट्याएवढं का असेना, कारण मोरीचा कठडा किंवा भराव वाहून गेला आहे का हे वरून दिसत नाही. साचलेलं पाणी अर्ध्या चाकापर्यंत असेल तर पहिल्या गिअरमध्ये न थांबता पार करा आणि नंतर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या, टाकी अर्ध्यावर येऊ देऊ नका. वीज गेली की पंपही बंद पडतात. नकाशे आधीच उतरवून ठेवा, खाडीच्या उतारावर नेटवर्क जातं. शिवाय ॲप फेरीबोटीला रस्ता समजून वाट बघण्याचा वेळ मोजत नाही, आणि जवळचा रस्ता म्हणून कधी वाडीतल्या पाखाडीकडे (दगडी पायवाटेकडे) वळवतं. घरी परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या.

खाण्याबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा कोणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती बर्फातली. त्या दिवसांत मागायचं ते खाडीचं: तिसऱ्या (शिंपल्या), खेकडे, खाडीची बारीक मासळी, नाहीतर सुकं: जवळा, सोडे, बोंबील. शाकाहारी माणसाला तर पावसाळा हाच हंगाम आहे. टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू या रानभाज्या घरगुती खानावळीत मिळतात, बरोबर घावणे, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ. मेनूकार्डावर यातलं फारसं काही नसतं, विचारावं लागतं. जेवण माणसं मोजून शिजतं, म्हणून दोन-तीन तास आधी फोन करा. घरगुती निवासांचे दर पावसाळ्यात उतरतात. खोली ठरवताना दोनच गोष्टी विचारा: इन्व्हर्टर आहे का, आणि गाडी उभी करायची जागा पक्की आहे का. मातीच्या आवारात रात्रभर पाऊस झाला की सकाळी चाकं रुततात.

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं आणि जुलैत दरडी पडतात. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला: सरींमध्ये उघडीप मिळते, सड्यांवर रानफुलं येतात, बंदरं पुन्हा सुरू झालेली असतात. फक्त गणेश चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस टाळा. तेव्हा मुंबईतले चाकरमानी या किनाऱ्यावरच्या आपापल्या गावी निघालेले असतात आणि बोटींवरही तासन्‌तास रांगा लागतात.

परतताना रेडीहून सावंतवाडी गाठून महामार्ग ६६ धरावा, किंवा आंबोली घाटाने वर चढून आजरा, गडहिंग्लजकडे निघावं. रत्नागिरीतून मध्येच परतायचं असेल तर आंबा घाट. दापोली-महाडकडून पुण्याला वरंध घाटाने जायचा विचार सोडून द्या, पावसाळ्यात तो बहुतेकदा बंदच असतो. ताम्हिणीने जा, आणि दुपारच्या आत घाट चढून जाईल असं निघा.